अंतराळात गेलेली कणगी

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे, साखरशेतच्या भागीच्या घरातली. हसू नका, पण मी एकदा अंतराळात जाऊन आले आहे.

बुधाने मला बांबूच्या कामट्यांनी विणलं. त्याच्या बायकोने, भागीने, शेणमातीने लिंपलं. वर्षानुवर्षं मी नागली, म्हणजे नाचणी, सांभाळली. भागीचा एक नेम होता. कणगी तळापर्यंत उपसायची नाही. मूठभर नागली फडक्यात बांधून तळाशी ठेवायचीच. ती मूठ सुटली तर घराची बरकत जाते, असं ती म्हणे. खरं-खोटं मला ठाऊक नाही.

१९९९ साली शाळेच्या स्नेहसंमेलनात गौतम गुरुजींनी नाटक बसवलं. दूरच्या ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानाचं इंजिन बिघडतं, कप्तान ते दुरुस्त करते आणि सगळे घरी परततात. कप्तान होती भागीची मुलगी वर्षा. यान कुठून आणायचं? वर्षाने माझ्याकडे बोट दाखवलं. भागीने नाक मुरडलं, पण मला दिलं. अट एकच, तळची मूठ सोडायची नाही.

मला चुना फासून शाळेच्या अंगणात आडवं केलं. इंजिन म्हणजे उलटी ठेवलेली सायकल. वर्गातला कमलेश पायडल फिरवायचा आणि चाकाच्या तारांना लागून पत्रा टरटरायचा.

ठरल्याप्रमाणे इंजिन बंद पडलं. वर्षाने पाना मारला. आता ते सुरू व्हायला हवं होतं, पण चेन खरोखरच पडून अडकली होती. कमलेश घामाघूम झाला. लोक खदाखदा हसू लागले. गुरुजींनी कपाळाला हात लावला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी जवळून पाहिलं. वाईट वाटलं.

ती माझ्यात शिरली, तिने तळाशी हात घातला, फडकं चाचपलं आणि समोर बसलेल्या आईकडे पाहिलं.

"आये, इंजिन काय चालू व्हायचं नाय. आता घरी नाय जाता येत."

भागी म्हणाली, "तं तिथंच पेर."

वर्षा बाहेर आली. तिने गाठ सोडली आणि त्या परक्या ग्रहावर, म्हणजे शाळेच्या अंगणात, नागली फेकली. नाटक तिथेच संपलं. टाळ्या बऱ्याच पडल्या.

मी पहिल्यांदाच रिकामी घरी आले. त्या साली फार वाईट काही घडलं नाही, फार चांगलंही नाही. भागी मात्र जाता-येता माझ्यात डोकवायची. पावसाळ्यात शाळेच्या अंगणात थोडी नागली उगवली. बरीचशी शेळ्यांनी खाल्ली. उरलेली कणसं वर्षाने आणली. मूठ काही भरली नाही. भागीने तेवढीच फडक्यात बांधली आणि माझ्या तळाशी ठेवली.

आता घरात पत्र्याच्या कोठ्या आल्या आहेत. मी कोपऱ्यात असते. मित्रांनो, मला पुन्हा लिंपा असं मी म्हणणार नाही. फक्त अडगळ म्हणून चुलीत घालण्याआधी एकदा माझ्या तळाशी हात घालून बघा.