कचरूचा फाटा

"हा कमलेश कोण?" मालूबाईने विचारलं.

निंबोल्यात, मालूबाईच्या ओसरीत स्मारक समितीची माणसं चहाचे कप हातात धरून बसली होती. गावच्या फाट्यावर लागणाऱ्या पाटीच्या मजकुराचा कागद तिच्या मांडीवर होता. दोन इयत्ता शिकलेली ती; अक्षराखाली बोट सरकवत वाचायची, पण एकदा वाचलेलं सोडायची नाही. 'अमर शहीद कमलेश पाटील चौक.' तिने बोट मागे नेलं आणि मधल्या शब्दावर ठेवलं.

"माताजी, अपने शहीदजीच की," समितीचा चेतन म्हणाला. तो बुऱ्हाणपूर शहरातला, अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी बोलणारा. "पहला अक्षर तेच ठेवलंय. क."

"क तर कुत्र्याचा बी असते. माह्या पोराचं नाव कचरू."

तिच्या धाकट्या मुलाने, महेशने, खाली मान घातली. शाळेत त्याला सगळे 'कचऱ्याचा भाऊ' म्हणायचे, ते त्याला अजून आठवत असावं.

"समझो ना माताजी. चौरस्त्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत कचरू लिहिलं, तर येणारे-जाणारे हसतील. शहीदाचा अपमान होईल."

"कारगिलच्या लढाईनंतर मले दिल्लीले नेलं व्हतं. पदक देताना नाव पुकारलं, सिपाही कचरू भाईदास पाटील. मोठमोठे लोक बसेल व्हते. कोणाचा दात दिसला नाही. आन् तुह्या फाट्यावरच्या पानटपरीले हसू येते?"

चेतनने चहाचा घोट घेतला. चहा केव्हाच थंड झाला होता.

"माय, ते चांगल्यासाठीच म्हणतात," महेश म्हणाला.

"तू गप बस. तुले चांगलं नाव भेटलं, कारण त्यानं आधी वाईट घेतलं."

हे खरं होतं. मालूबाईची पहिली दोन्ही लेकरं बारशाआधीच गेली होती. तिसरा झाला तेव्हा सुईणीने त्याला सुपात घालून घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या ताराबाईने उचललं, दारात आणलं आणि विचारलं, "उकिरड्यावर सापडलं, घेता का?" मालूबाईने मूठभर कोंडा देऊन स्वतःचं पोर विकत घेतलं. नाव ठेवलं कचरू. मरण दाराशी आलंच, तर त्याने समजावं की इथे लेकरू नाही, केर आहे.

कचरू तगला. त्याच्या पाठचा महेशही तगला. बांधावर उभं राहून मालूबाई "कचरू" अशी हाक घालायची आणि केळीच्या बागेतून, माणूस न दिसता, नुसता "ओ" यायचा. कुठल्या ओळीतून आला ते तिलाच कळायचं. फौजेत भरती होऊन घरी आला तेव्हा हसत होता. "माय, साहेब म्हणे, ये कैसा नाम है? म्या म्हटलं, सरजी, माह्या मायनं मले कोंड्यावर विकत घेतलंय, बदलता येत नाही."

पहाडावरून एका जखमी सोबत्याला त्याने खांद्यावर खाली आणलं. दुसऱ्याला आणायला परत वर गेला. पुढचं तिला लोकांनी सांगितलं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. पेटी आली त्या दिवशी ती रडली नाही. बायांनी गदागदा हलवलं तरी ती एवढंच म्हणाली, "सोबत आलेल्या पोरांले जेवाले वाढा." तेव्हापासून ती तशीच होती. खायची, भांडायची, मजूर बायांवर ओरडायची. आतलं कुठलं दार लागलं होतं ते तिलाही सापडत नव्हतं.

जितका तो जगला त्याहून जास्त वर्षं त्याला जाऊन झाली होती. दर सव्वीस जानेवारीला तिला खुर्चीवर बसवत, शाल-नारळ देत. भाषणात कोणी वीरपुत्र म्हणे, कोणी हमारा जवान. नाव कोणी घेत नसे. घरात महेश 'भाऊ' म्हणायचा. सून वर्षा जेठाचं, म्हणजे थोरल्या दिराचं, नाव घ्यायचं नाही म्हणून कचरा हा शब्दसुद्धा टाळायची. 'झाडलोट टाकून येते' म्हणायची. नात पूर्णिमेने त्याला पाहिलंच नव्हतं. तिचे ते 'फोटोवाले काका'. नवरा भाईदास होता तोवर झोपेत का होईना, पोराला हाक मारायचा. तो गेला आणि घरातून ते नावच उठलं.

"माताजी, बीच का रास्ता काढू," चेतन म्हणाला. "शहीद चौक मोठ्या अक्षरांत. खाली लहान अक्षरांत कचरू पाटील."

"लहान अक्षर मले दिसत नाही."

"मग आम्ही काय करायचं?"

"तुमच्या कमलेशची माय शोधा. पाटीवरचा पडदा तिच्याच हातानं ओढून घ्या. मी येत नाही." तिने कागदाची घडी केली आणि त्याच्या कपाखाली ठेवली. "चहा पिऊन जा. दूध घरचं आहे."

पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती, मंडप सांगून झाला होता, आणि वीरमातेशिवाय पडदा ओढणार कोण? चार दिवसांनी चेतन नवा कागद घेऊन आला. मालूबाईने बोट ठेवून तो दोनदा वाचला.

पडदा तिनेच ओढला. काळ्या दगडात पांढरी अक्षरं: शहीद कचरू पाटील चौक. मागे उभी असलेली दोन-तीन पोरं हसली. तिने वळून पाहिलं. तेवढ्यावर पोरांचं हसू थांबलं. एक शाल मिळाली. घरी येऊन तिने ती केळीचे घड कापणाऱ्या बाईला देऊन टाकली.

पावसाळा सरला. डोळ्याचं औषध आणायला ती पूर्णिमेसोबत बुऱ्हाणपूरला गेली. परतताना दोघी शनवाऱ्याच्या ऑटो-थांब्यावर आल्या. ऑटो रांगेत उभे होते. पुढच्या ऑटोवाल्याने एक पाय बाहेर टाकला आणि गळा ताणला.

"कचरू, कचरू, कचरू... चलो कचरू..."

मालूबाईचा पाय जागीच थांबला.

"आजी, अपनी ही ऑटो है. चल ना."

"हा काय म्हणते?"

"अपना फाटा. अब सब यही बोलते हैं. शहीद-बिहीद कोण म्हणतं एवढं लांब."

ऑटोवाल्याने मालूबाईकडे पाहिलं. "माई, कचरू?"

ती औषधाच्या दुकानापुढच्या बाकावर जाऊन बसली.

"आजी, भर जाएगी."

"भरू दे. दुसरी येईल."

ऑटो भरला आणि गेला. मागचा पुढे सरकला. त्याचा चालक पोरगेलासा होता, आवाज कोवळा, लांबवर जाणारा. तो खाली उतरला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून हाक देऊ लागला. त्याला अजून बऱ्याच सवाऱ्या हव्या होत्या.

मालूबाईने पदर सावरला, औषधाची पिशवी मांडीवर घेतली आणि बाकावर जराशी सरकून बसली. शेजारी एका माणसाची जागा होईल इतकी.