मर्व्हने माझी वायर सोडवली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना बंब आहे. बंब म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे न्हाणीघरातला, धुराने काळवंडलेला तांब्याचा बंब आला असेल. तो मी नव्हे. मी चहाच्या पाण्याचा. अंगाने स्टीलचा, विजेवर चालणारा, पोटाशी काळी तोटी असलेला आणि स्वभावाने तापट. तापणं हे माझं कामच आहे, तेव्हा त्यावरून कोणी नाक मुरडू नये.

माझा जन्म मेलबर्नच्या एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवताना आणि सांधे जोडताना काय सोसलं ते सांगत बसत नाही, जन्म कोणाचा सोपा असतो? दक्षिण ऑस्ट्रेलियात समुद्राकाठी पोर्ट कॅरडॉक नावाचं गाव आहे. शेवंडं, म्हणजे मोठाले समुद्री झिंगे, पकडायची आणि विकायची, हा गावाचा धंदा. तिथल्या चर्चच्या महिला मंडळाने मला विकत घेतलं. लग्न असो, मयत असो की क्रिकेटचा सामना, माझ्यावाचून पान हलत नसे. बायका मला लिंबाने घासून लख्ख करायच्या आणि माझं कौतुक करायच्या. मी फुगून जायचो.

पुढे चर्चच्या हॉलच्या भिंतीवर नवं यंत्र आलं. बटण दाबलं की उकळतं पाणी! झालं, माझी रवानगी अडगळीच्या खोलीत, नाताळच्या सजावटीमागे. माझ्या पोटात उंदरांनी संसार थाटला. इतकी वर्षं ज्यांना चहा पाजला त्यांच्यापैकी एकानेही दार उघडून पाहिलं नाही. फार वाईट वाटायचं मला.

तिथून मला बाहेर काढलं मर्व्ह श्रायबरने. मर्व्ह गावचा खाटीक. दुकान मुलाच्या हवाली करून मोकळा झालेला, पोट सुटलेला आणि तोंडाचा पट्टा सदा चालू. हातगाडीवर घालून त्याने मला धक्क्याजवळच्या लोकरीच्या जुन्या गोदामात आणलं. गावातल्या बाप्यांनी तिथे एक जागा सुरू केली होती. तिला सगळे नुसतं 'शेड' म्हणायचे. सुरुवात केली ती निवृत्त हेडमास्तर आयव्हरने. बायको गेल्यावर तो घरात भिंतींशी बोलायला लागला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माणसांत जा. जायला माणसं कुठे होती? सगळे आपापल्या घरात भिंतींशीच बोलत होते. म्हणून आयव्हरने त्यांना गोळा केलं.

वरवर पाहिलं तर शेडमध्ये सुतारकाम चालायचं. पक्ष्यांची घरटी, मोडक्या खुर्च्या, बालवाडीची खेळणी. खरं म्हणजे ती एकमेकांना सांभाळायची जागा होती, पण तसं मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. "सांभाळायला आम्ही काय मेंढरं आहोत?" असं मर्व्ह विचारायचा. एकदा शहरातून एक नर्सबाई आली. तिने खुर्च्या गोलात मांडल्या आणि म्हणाली, एकमेकांकडे बघा आणि मनातलं सांगा. बघता बघता प्रत्येकाला आठवलं की आपलं लाकूड कापायचं राहिलंय.

इथल्या बाप्यांची रीतच तशी आहे. समोरासमोर बसवलं की तोंडाला कुलूप. शेजारी शेजारी उभं राहून तिसऱ्याच वस्तूकडे बघायला मिळालं, तर मात्र बोलणं आपोआप निघतं. आणि ती तिसरी वस्तू म्हणजे मी. मला उकळायला चांगला वेळ लागतो. तोवर सगळे रिकामे कप घेऊन माझ्या तोटीकडे बघत उभे राहायचे. मुलगा फोन करत नाही, असं कोणी सांगायचा, कोणी छातीत धडधडतं म्हणून सांगायचा. आयव्हर बायकोबद्दल बोलायचा. त्याच्या अंगावर पुन्हा मांस चढलं, शर्टाला इस्त्री दिसायला लागली. हे सगळं माझ्यासमोर घडलं, म्हणून छातीठोकपणे सांगतो.

एके दिवशी डॉरीन ट्रेझाइसने नवऱ्याला गाडीने शेडच्या दारात आणून सोडलं. म्हणाली, "उतर. दुपारी न्यायला येते." रसेल ट्रेझाइस म्हणजे गावातला पहिल्या नंबरचा तांडेल, बोटीचा कप्तान. त्याच्या बोटीचं नावही डॉरीन. मर्व्ह म्हणायचा, रसेलच्या दोन डॉरीन, त्यातली पाण्यातली तेवढी त्याचं ऐकते.

पण गेल्या हंगामात आभाळ कोसळलं. बोटीवरचा खलाशी ग्लेन, रसेलबरोबर वाढलेला, शेवंडांचा पिंजरा सोडताना दोरात पाय अडकून समुद्रात ओढला गेला. मोठ्या खडकाच्या पलीकडे. रसेलने त्याला वर घेतलं, पण तोवर सगळं संपलं होतं. त्या दिवसापासून रसेलने धक्क्यावर पाय ठेवला नाही. बोट बांधून ठेवलेली. ग्लेनची आई आयरिस, ऐंशी उलटलेली, हृदय अधू झालेलं. तिचं रसेलकडे एकच मागणं होतं. पोरगा गेला त्या जागी फुलं सोडायला मला घेऊन चल, आणि तुझ्याच बोटीतून ने, दुसऱ्या कोणाच्या बोटीत मी चढणार नाही. रसेल हो म्हणाला होता. आणि आता आयरिसची काठी लांबून दिसली तरी रस्ता ओलांडून पलीकडे जात होता.

शेडमध्ये तो एकच फळी घासत बसायचा. घासून घासून ती पापडासारखी पातळ झाली. "काय रसेल, कसं काय?" कोणी विचारलं तर म्हणायचा, "बरंय." आणि इथे माणूस एकदा 'बरंय' म्हणाला की पुन्हा विचारत नाहीत. तो इथला शिष्टाचार. डोंबलाचा शिष्टाचार!

मग एका सकाळी, मी सूं सूं करायला लागलो असताना, रसेल माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, "मला आता पाण्याची भीती वाटते."

सगळ्यांचे हात थांबले. गावचा पहिला तांडेल असं म्हणतो, म्हणजे काय ते प्रत्येकाला कळलं होतं. मीही वाफ धरून राहिलो. पण मर्व्हला शांतता सोसत नाही. तो म्हणाला, "तरीच! महिनाभर आंघोळ केलेली दिसत नाही."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. सगळे खो खो हसले. रसेलही हसला, आणि त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटलं. त्याने कप होता तसा कोरडाच परत ठेवला आणि निघून गेला. मला हात असते तर मर्व्हचा कान पिळला असता. नव्हते, म्हणून झाकण उडवून त्याच्या बुटांवर उतू गेलो.

बरं, प्रकरण तिथेच थांबलं नाही. कोणीतरी ते बाहेर बोललं. दुसऱ्या दिवशी बेकरीत एकाने रसेलला सगळ्यांदेखत विचारलं, काय, आज आंघोळ झाली का? रसेल पाव न घेताच घरी गेला आणि त्यानंतर बाहेर पडला नाही. माणूस मोठ्या मुश्किलीने मन उघडतो आणि त्याचीच टवाळी गावभर होते. अशा जागांना हा धोका असतोच मित्रांनो, मी तो लपवणार नाही.

काही दिवसांनी डॉरीन आली. आत आली नाही, दारातच उभी राहिली. म्हणाली, "पडदे लावून बसतो दिवसभर. ताटाला हात लावत नाही. मला त्याच्याबद्दल भीती वाटते. तुमच्यात येऊन हलका होईल म्हणून आणलं होतं मी. त्यापेक्षा घरात होता तोच बरा होता." एवढं बोलून गेली.

कोणाची मान वर होईना. शेवटी आयव्हर उठला. त्याने आवाज चढवलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. या बंबापाशी बोललेलं या दारापलीकडे गेलं तर मला तोंड दाखवू नका, आणि कोणी मनातलं बोलत असेल तर त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत एकानेही गंमत करायची नाही, असं त्याने बजावलं.

पण आता रसेलकडे जायचं कसं? 'आम्हाला तुझी काळजी वाटते' म्हणत बाप्याच्या दारात उभं राहणं इथे कोणाला जमत नाही. तो 'बरंय' म्हणणार आणि दार लावून घेणार. काहीतरी निमित्त हवं, हातात एखादं बिघडलेलं काम हवं. मर्व्हने शेडभर नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली. त्याने स्क्रू-ड्रायव्हर घेतला, मला उलटा केला आणि माझी वायर सोडवली. मी ठणठणीत होतो हो! अडगळीतून काढलं म्हणून ज्याला दुवा दिला, त्यानेच माझं पोट फाडावं? मी मनातल्या मनात त्याला शेलक्या शिव्या हासडल्या. त्याने मला हातगाडीत घातलं आणि आयव्हरला घेऊन भर रस्त्यातून निघाला.

डॉरीनने दार उघडलं. रसेल तिच्या मागे होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

मर्व्ह म्हणाला, "बंब बिघडलाय. आमच्यापैकी कोणाला जमेना. तुझ्या हाताला इंजिनाची सवय आहे, बघतोस?"

रसेलने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतलं. बूड उघडलं. मग म्हणाला, "तुटलेली नाही ही. कोणीतरी सोडवलीय."

"मी सोडवलीय," मर्व्ह म्हणाला.

"का?"

"रिकाम्या हाताने तुझ्या दारात कसा येणार?" मर्व्ह म्हणाला. "चुकलं माझं, रसेल. ऐकून घ्यायचं सोडून अकलेचे तारे तोडले मी. कोणी गप्प झालं की मला धडकी भरते. पण ते माझं दुखणं, तुझ्या गळ्यात नको होतं मारायला."

रसेल वायरीचं टोक पिळत राहिला. आयव्हरही त्या वायरीकडेच बघत होता. बघता बघता त्याने विचारलं, "रसेल, जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का तुझ्या?"

मी हादरलो. असं तोंडावर कोणी विचारतं का? पण विचारायला हवं होतं, आणि तेच आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"येतं," रसेल म्हणाला. "काल आलं होतं."

कोणी हसलं नाही, कोणी 'असं बोलू नये' म्हणालं नाही. मर्व्हने आपली खुर्ची ओढून रसेलच्या शेजारी घेतली. समोर नाही, शेजारी. मग रसेल बोलायला लागला. तो दोर, तो पाय, आणि दोर कापायची सुरी दुसऱ्या खिशात होती म्हणून गेलेला तो क्षण. आयरिसला काय तोंड दाखवू, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मर्व्हच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण त्याने मध्ये एक शब्द काढला नाही. या माणसाला ओळखतो म्हणून सांगतो, हा चमत्कारच होता.

रसेलने माझी वायर पुन्हा जोडली, आणि त्याच दुपारी मर्व्ह आणि आयव्हर त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. डॉरीनही बरोबर होती. आयव्हरने स्वच्छ सांगितलं, शेड म्हणजे दवाखाना नव्हे. औषध बाई देतील, सोबत आम्ही देऊ. आणि दिली हो त्यांनी. रोज कोणी ना कोणी दारात हजर. सगळं सरळ रेषेत झालं असं समजू नका. कधी रसेल शेडच्या फाटकापर्यंत येऊन मागे फिरायचा. एकदा तो मर्व्हवर खेकसला, "माझी आई होऊ नकोस!" मर्व्ह दिवसभर ते आनंदाने सांगत फिरला. खेकसला म्हणजे जिवंतपणा आला, असं त्याचं म्हणणं. हळूहळू शेडमधले सगळे रसेलबरोबर जाऊन किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या बोटीचं बूड खरवडायला लागले. मग रंग. मग बोट पाण्यात सोडून नुसतं इंजिन चालू करणं. आणि एके दिवशी रसेल आपल्या पायांनी आयरिसच्या घरी गेला. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. परत येऊन एवढंच म्हणाला, "रविवारी सकाळी. वारा नसला तर."

मित्रांनो, शेवटचं सांगण्याआधी मागणं मागून घेतो, कारण नंतर मला जमायचं नाही. तुमच्या ओळखीचं कोणी 'बरंय' म्हणून दार लावून घेत असेल, तर निमित्त काढा आणि जा. नसलंच निमित्त, तर घरातली एखादी वस्तू खुशाल बिघडवा. आम्ही वस्तू राग धरत नाही. धरतो, पण सोडून देतो. आणि वेळ तुमच्यावरच आली, तर अशा चार माणसांत जाऊन उभे राहा. पहिल्या दिवशी कोणी मूर्खासारखं बोलेल, तरी पुन्हा जा. मर्व्ह सगळीकडे असतात, त्यांना शिकवावं लागतं.

त्या रविवारी वारा नव्हता. मला धक्क्यावर मांडलं होतं, मासळी सोसायटीतून वायर ओढून. अख्खं गाव लोटलं होतं. आयरिस नारिंगी लाइफ-जॅकेट घालून, मांडीवर अंगणातल्या वॉटलच्या झाडाच्या पिवळ्या फुलांची टोपली घेऊन बोटीत बसली. मर्व्हही चढला. जन्म समुद्राकाठी गेला, पण बोटीत पाऊल टाकायची त्याची ही पहिलीच वेळ. रसेलने दोराला दोनदा हात घातला आणि दोनदा मागे घेतला. ते मी पाहिलं आणि डॉरीनने पाहिलं. त्याने दोर सोडला.

बोट मोठ्या खडकापलीकडे गेली, लहान झाली, थांबली. किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग लांबून भोंगा वाजला! रसेलच्या बोटीचा भोंगा, सबंध हंगामभर मुका असलेला. बंदरातल्या एका बोटीने उत्तर दिलं, मग दुसरीने, मग सगळ्याच बोटींनी. आयव्हरने टोपी हवेत फेकली, ती पाण्यात पडली आणि कोणी काढलीही नाही. माझं झाकण थडाथडा नाचत होतं. मी आयुष्यात इतका कधी उकळलो नव्हतो.

रसेलने बोट अशी अलगद धक्क्याला लावली की आयरिसच्या मांडीवरची रिकामी टोपली हलली नाही. मर्व्ह बोट लागून हिरवापिवळा होऊन उतरला आणि सरळ जमिनीवर आडवा झाला. रसेल आयरिसचा हात धरून माझ्यापाशी आला. त्याने तोटी सोडली, तिचा कप भरला. दोघं शेजारी शेजारी उभी राहिली, माझ्याकडे बघत.

"पुढच्या वर्षीही न्यायचंस मला," आयरिस म्हणाली.

पुढच्या वर्षी! ज्या माणसाला उद्याचा दिवस नकोसा झाला होता, त्याच्याकडे ही म्हातारी पुढचं अख्खं वर्ष मागत होती. माझी तोटी गळायला लागली, सांगायला लाज कसली.

"नेईन," रसेल म्हणाला, आणि तिच्या चहात दोन चमचे साखर घातली.