चौदावा साचा

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे, पण माझ्यात आजवर एकही पदार्थ शिजलेला नाही. माझ्यात प्लास्टिकचा जाड पत्रा मऊ होतो. तो गरमागरम पत्रा प्लास्टरच्या साच्यावर बसवला की कृत्रिम पाय आकाराला येतो.

दुसऱ्या देशातल्या एका संस्थेने मला जहाजातून इथे आणले. पाठीवर संस्थेच्या नावाची पट्टी होती. मला चालवणाऱ्या मावशी मात्र इथल्याच. बारा वर्षांत आम्ही किती पाय केले ते मी मोजले नाही; चालत गेलेली माणसे परत कशाला येतात सांगायला?

मग नवा कायदा आला. परदेशी संस्थांनी पैसा कुठून येतो, कारभार कोण पाहतो ते कळवून नव्याने परवानगी घ्यायची.

"बरोबरच आहे," मावशी म्हणाल्या. "आपल्या घरात कोण राहतंय ते आपण विचारणारच की."

अर्ज वेळेत गेला. उत्तर आले नाही. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तपासनीस साहेब सील लावायला लाख आणि सुतळी घेऊन आले. तेव्हा माझ्या पोटात पत्रा तापत होता आणि बाकावर नऊ वर्षांची एक मुलगी बसली होती. एका पायावर सराईतपणे उभी राहायची, म्हणून स्वतःला बगळी म्हणवून घ्यायची. तिचा जुना पाय आखूड पडू लागला होता.

"वीस मिनिटं थांबा, साहेब," मावशी म्हणाल्या.

"परवानगी काल संपली, बाई. आज केलेला पाय बेकायदा ठरेल. उद्या चौकशी हिच्यामागे लागेल."

"मग भट्टी आम्हाला देऊन टाका. आम्ही तर इथलेच."

"मालक परदेशी. त्यांना द्यायचा अधिकार आज नाही, आणि मी काही मालक नाही." साहेब वाईट नव्हते. त्यांनी बटण स्वतः बंद केले, तेही हळूच.

बगळीने विचारले, "साचा तरी माझा ना? माझ्याच पायाचा आहे."

साहेबांनी यादी पाहिली. 'प्लास्टरचे साचे, नग चौदा.' मग चौदा खोडून तेरा केले. बगळी साचा टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन गेली.

चौदा महिने मी बंद होते. माझ्या पोटातला अर्धवट मऊ झालेला पत्रा वाकडाच्या वाकडा घट्ट झाला. शेवटी परवानगी आली. सील काढायला तेच साहेब आले. कुबड्या टेकत बगळीही आली. आईच्या हातात तोच टॉवेल. साच्याचा टवकाही उडाला नव्हता.

मावशींनी तो तिच्या गुडघ्याखाली लावून पाहिला आणि बाजूला ठेवला.

"बसत नाही?" साहेबांनी विचारले.

"कसा बसेल? साच्याला जपलं हो हिने. पण पोरगी थांबते होय कागदासाठी?" मावशी म्हणाल्या. "चल गं बगळे, नवं माप घेऊ."

निघताना साहेबांनी यादीत तो जुना साचा परत लिहिला. नग चौदा.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या त्यांच्या खुर्चीत बसेल. परक्याला नाव-गाव जरूर विचारा, कागद तपासा. तो तुमचा हक्कच आहे. पण सील लावण्याआधी बाकावर कोण बसले आहे ते पाहा. मला तापायला वीसच मिनिटे लागतात.