खिडकीत दिसलेली ताई

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि एक गोष्ट माझ्या मनाला अजून खाते. मला दोन डोळे आहेत. वरच्या छोट्या खिडकीतून माझे मालक बघत आणि खालच्या लेन्समधून मी टिपत असे. लेन्स कोणतीही लावा, खिडकीत तेवढेच दिसे. त्यातले फोटोत किती येणार, ते आतली पांढरी चौकट सांगे. लेन्स बदलली की कळ फिरवून चौकटही बदलावी लागे. पुढच्या कॅमेऱ्यांत ते आपोआप होऊ लागले, पण मी पडलो जुन्या वळणाचा.

मालकांचा हात माझ्यावर छान बसला होता. लोक माझे कौतुक करत आणि, खोटे कशाला बोलू, मी जरा शेफारलोही होतो.

एकच माणूस माझ्यासमोर येत नसे. मालकांची थोरली बहीण. लहानपणी भाजल्याचा डाग तिच्या गालावर होता. मी दिसलो की तिला नेमके स्वयंपाकघरात काम निघे. लांबच्या शहरात नोकरीला निघाली त्या दिवशी मात्र ती आपण होऊन म्हणाली, "मीपण उभी राहते रे. पण कडेला हं."

मालकांना आनंदाने काही सुचेना. नुकतेच त्यांनी लेकीचे फोटो मधल्या, कमी मावणाऱ्या लेन्सने काढले होते. आता सगळे मावावेत म्हणून त्यांनी कळ फिरवून रुंद चौकट आणली, लेन्स बदलायची तेवढी राहिली. खिडकीत सगळे घर मावले. कडेला ताई होती. डाग न लपवता हसत होती. रिळातला तो शेवटचा फोटो. मला चूक कळत होती, पण बोलता कुठे येते? मी मुकाट्याने खट् केले.

फोटोत ताईचा फक्त हात आला, लेकीच्या खांद्यावर ठेवलेला. मालकीणबाईंनी तो हौसेने भिंतीवर लावला. सुट्टीत आलेल्या ताईने तो पाहिला.

"बरं केलंस. माझ्यामुळे बिघडला असता."

"ताई, अगं लेन्स बदलायची राहिली!"

"असू दे रे. समजूत नको काढूस माझी."

मालकांनी मला कपाटात टाकले. माझ्याकडे बघणे त्यांना नको वाटे. वर्षे गेली.

परवा पांघरूण शोधताना मी ताईच्याच हाती लागलो. तिने सहज खिडकीला डोळा लावला. समोर एका बाजूला मालक उभे होते. "कडेला आहेस, तरी दिसतोस की!" मालक जवळ आले, कळ फिरवली आणि पुन्हा जागेवर जाऊन उभे राहिले. चौकट आक्रसली होती.

"अगंबाई! दिसतोयस, पण रेघेच्या बाहेर!"

तिने मला मालकांच्या हातात दिले. मग पिकलेले केस मागे सारून खोलीच्या मधोमध उभी राहिली. "घे आता. नीट बघून घे."

रीळ भरण्याआधी मालकांनी बटण दाबून पाहिले. मी हललो नाही. बंद कपाटातल्या ओलीने लेन्समागचा, उजेड आत सोडणारा माझा पडदा चिकटून बसला होता.

मित्रांनो, वस्तूच्या हातून चूक झाली म्हणून तिला कोंडून ठेवू नका. गंजलेल्या वस्तूला चूक सुधारता येत नाही. आणि फोटो काढताना कडेला कोण उभे आहे, ते आधी पाहा. उद्या मला दुरुस्तीला नेणार आहेत. "आण करून, मी थांबते," असे ताई म्हणाली आहे. माझा पडदा सुटेल की नाही, कोण जाणे. ती दोनदा माझ्यासमोर उभी राहिली. दोन्ही वेळा मला ती नुसती दिसली.