तक्रार नाही

डॉ. मुकुंदराव संशोधक होते. म्हणजे असं ते स्वतःच सांगत, आम्ही कुणी विचारलं नव्हतं. १९६७ साली ते पुण्याहून हुमनाबादपासून चार कोसांवरच्या आमच्या दवाखान्यात आले, ते लूपचा अभ्यास करायला. लूप म्हणजे मूल राहू नये म्हणून पिशवीत बसवायचं प्लास्टिकचं वेटोळं. तेव्हा ते नवंच निघालं होतं. दोनशे अकरा बायांना त्यांनी ते बसवलं आणि दर मंगळवारी तपासणीला बोलावलं. तपासणी कसली? छापील फॉर्म पुढे ओढायचा आणि मान वर न करता विचारायचं, "काही तक्रार?"

बाई म्हणायची, "न्हाई." की झाली तपासणी.

आता आमच्या भागात निजामाच्या राज्यापासून तक्रार म्हणजे भांडण. ती बांधावरून होते, पाणवठ्यावर होते, जावाजावांत होते. सरकारी डॉक्टरनं तक्रार आहे का विचारल्यावर कोणती शहाणी बाई हो म्हणेल? मी नर्स, बारा वर्षं याच गावांत बाळंतपणं केलेली. हे मी पहिल्याच मंगळवारी त्यांना सांगितलं. ते हसले. प्रश्न बेंगळूरच्या परिषदेसाठी ठरलेला आहे, शब्द बदलला तर संशोधन बाद होतं, म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी.

पाचव्या आठवड्यात सिद्धव्वा आली ती भिंत धरत. मी तिला बाहेरच विचारलं, अंगावर जातंय का.

"जायलंय की अक्का. लूप बसवल्यापास्नं थांबलंच न्हाई. दोन लुगडी हायत, एक वाळेस्तोवर दुसरं भरतंय."

तिची पापणी खाली ओढून पाहिली. आत लाली म्हणून नव्हती. असंच आणखी महिनाभर चाललं असतं तर ती गेली असती, आणि हे कळायला संशोधक लागत नाही.

लूप काढायला डॉक्टरची सही लागे, आणि सहीसाठी फॉर्मवर तक्रार. मी तिला आत नेऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. नर्सनं पढवलेलं चालत नाही, बाईच्या स्वतःच्या तोंडून आलं पाहिजे, असं उत्तर मिळालं. मग त्यांनी तिला विचारलं, काही तक्रार?

सिद्धव्वा घाबरून म्हणाली, "न्हाई जी. माझी कुणासंगंच तक्रार न्हाई."

त्यांनी तेवढं लिहून घेतलं.

मला असा संताप आला की फॉर्मसकट त्यांना विहिरीत लोटावं वाटलं. सिद्धव्वाला व्हरांड्यात बसवून पाणी पाजलं आणि विचारलं, सासूशी भांडतेस की नाही? भांडते की, म्हणाली. मग तसंच आत जाऊन भांड, म्हटलं, फक्त सुरुवात 'तक्रार हाय' म्हणून कर.

ती उठली. दारात उभी राहून तिनं पदर खोचला.

"डाक्टरसाब, माझी तक्रार हाय. तुमच्यासंगंच हाय. पाच आठवडे माझं रगत जायलंय, आन् तुम्ही मान वर करून बघंनात कामून?"

त्यापुढे सासूसाठी साठवलेलं सगळं बाहेर आलं, अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. डॉक्टरांच्या पूर्वजांपैकी कुणी सुटलं नाही. दम संपल्यावर ती जमिनीवर बसली. डॉक्टरांनी पहिल्यांदा तिचं तोंड पाहिलं आणि सही केली.

लूप मी त्याच दुपारी काढला. फॉर्मवर नंतर वाचलं, तक्रार: आहे. शेरा: रुग्ण स्वभावाने भांडखोर.

सिद्धव्वा वाचली. घरी जाऊन तिनं बायांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही. पुढच्या मंगळवारी दवाखाना उघडायला गेले तर व्हरांड्यात त्रेचाळीस बाया पदर खोचून बसल्या होत्या.

डॉक्टरांना म्हटलं, पेनात शाई भरून घ्या.