दीडभुवया

दचकलात ना? मग माझं काम झालं! घाबरू नका मित्रांनो, मी कुणाला चावत नाही. मी एक रबरी मुखवटा आहे, चांगलाच म्हातारा झालेला. तोही झॉम्बीचा. म्हणजे मेल्यावरसुद्धा ज्याला स्वस्थ पडवत नाही, जो उठतो आणि धडधाकट माणसांच्या मागे लागतो, त्या चालत्या प्रेताचा. माझा एक गाल लोंबतो, कानाजवळ तडा गेला आहे. डाव्या डोळ्यावर अख्खी भुवई आहे आणि उजव्यावर अर्धीच. म्हणून माझे चाहते मला 'दीडभुवया' म्हणतात. हो, हो, मला चाहते आहेत! पण ते फार उशिरा भेटले.

माझी आई दात बनवायची. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून ती म्हाताऱ्यांसाठी कवळ्या घडवायची. प्लॅस्टर कालवणं, साचा काढणं, मेण कोरणं, हा तिच्या डाव्या हातचा मळ. तिने मला घडवलं म्हणून ती माझी आई. आणि चेहरा मी तिच्या नवऱ्याचा घेतला, म्हणून ते माझे बाबा. ते बस डेपोत मेकॅनिक होते.

बाबांना नटायची भारी हौस. आरशासमोर उभे राहून राजा काय, चोर काय, डॉक्टर काय, सगळं करून बघायचे. पण बोलताना ते अडखळायचे. शब्द ओठांवर येऊन बसायचा आणि काही केल्या उठायचा नाही. मग आई तो शब्द स्वतःच बोलून टाकायची आणि दोघंही सुटायची. शाळेत असताना त्यांना नाटकात एकच वाक्य मिळालं होतं. ते पूर्ण व्हायच्या आत पडदा पडला, असं ते हसत हसत सांगायचे. हसायचे खरे, पण त्यानंतर त्यांनी कुणाकडे काम मागितलं नाही.

आणि एक दिवस फोटोवाले काका घरी आले. त्यांचा गल्लीच्या तोंडाशी स्टुडिओ होता. ओळखपत्रांचे फोटो काढून काढून त्यांचा जीव विटला होता, आता त्यांना सिनेमा काढायचा होता. खिशात दमडी नव्हती, पण हौसेला मोल नसतं! कुठूनसा जुना कॅमेरा आणला, कुणाच्या तरी सिनेमातून उरलेली रिळं मिळवली. सिनेमाचं नाव ठरलं 'मेलेल्यांची हजेरी'. बंद पडलेल्या कारखान्यातले मेलेले कामगार थडग्यांतून उठतात आणि सरळ कामावर येतात, अशी गोष्ट.

"प्रेतं लागतील ढीगभर," काका म्हणाले, "आणि प्रेतांना बोलायचं काहीच नाही. नुसतं चालायचं आणि घोगरं कण्हायचं."

बाबांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "एक श… शब्दही नाही?" त्यांनी विचारलं.

"अवाक्षर नाही!"

"मग मी आहे," बाबा म्हणाले. हे वाक्य ते न अडखळता बोलले, असं आई नंतर कितीदा तरी सांगायची.

माझा जन्म स्वयंपाकघरात झाला. बाबांना टेबलावर आडवं केलं. श्वासासाठी नाकात दोन नळ्या घातल्या. आई त्यांच्या चेहऱ्याला व्हॅसलिन चोपडत होती, प्लॅस्टर केसांना धरू नये म्हणून. तोवर काका बाजूने काहीबाही बोलून बाबांना हसवत होते.

"अहो, हलू नका! साचा बिघडेल."

"म… मेलो तर?"

"मेलात तर भूमिका पक्की!" काका म्हणाले, आणि तिघंही खो-खो हसत सुटली.

पण कवळीचं प्लॅस्टर लवकर घट्ट व्हावं म्हणून आई ते कोमट पाण्यात कालवायची. त्या दिवशीही सवयीने तिने कोमटच पाणी घेतलं होतं. हसू आवरेपर्यंत भांड्यातलं प्लॅस्टर धरायला लागलं. आईची तारांबळ उडाली. व्हॅसलिन लावायची राहिलेली अर्धी भुवई तशीच टाकून तिने घाईघाईने प्लॅस्टर ओतलं. साचा निघाला तेव्हा बाबांची अर्धी भुवईही त्याच्यासोबत निघाली! बाबा ओरडले, काकांनी तोंडावर हात ठेवला. पुढे त्या साच्यावरून मी रबरात उतरलो आणि माझ्यावर केस रोवायची वेळ आली, तेव्हा आईने बाबांना समोर बसवलं आणि बघून बघून रोवले. कवळी करणाऱ्या बाईला समोर दिसतं तस्संच करायची सवय. त्यामुळे मलाही दीडच भुवई मिळाली, आणि हे आईच्या लक्षात आलं तेव्हा डिंक वाळून गेला होता.

चित्रीकरण म्हणजे नुसती धमाल. नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं, तसा प्रकार. रात्रीचे प्रसंग भर दुपारी घ्यायचे, कारण दिवे परवडत नव्हते. कॅमेऱ्यापुढे निळा कागद धरला की झाली रात्र! पण सावल्या पडायच्या त्या पडायच्याच. बाकीच्या प्रेतांचे मुखवटे कागदाच्या लगद्याचे होते. पाण्याच्या टाकीतून प्रेतं बाहेर येतात त्या प्रसंगात ते सगळे विरघळले, आणि रबराचा असा मी एकटाच शिल्लक राहिलो.

मग काय, सगळी भिस्त माझ्यावर! आज गल्लीतल्या न्हाव्याच्या डोक्यावर, उद्या काकांच्या आत्याच्या. आत्याबाईंना चष्म्याशिवाय दिसत नसे, तेव्हा त्यांनी तो माझ्या वरूनच लावला. जगातलं पहिलं चष्मेवालं प्रेत मीच असेन बहुधा. मी गोळी लागून मेलो, जळून मेलो, गिरणीच्या पट्ट्यात सापडून मेलो, आणि प्रत्येक वेळी पुढच्या प्रसंगात दत्त म्हणून हजर. रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि लाल रंग. त्याला मुंग्या लागल्या. बाबा बिचारे मरून पडलेले, आणि मुंग्यांनी त्यांना असं काही फोडून काढलं की प्रेत कराकरा खाजवायला लागलं. रीळ महाग, पुन्हा कोण घेणार? तेही तसंच सिनेमात राहिलं.

पण शेवटचा प्रसंग वेगळा होता, मित्रांनो. सगळी प्रेतं संपली आहेत, एकच कामगार उरला आहे. तो कारखान्याच्या फाटकाशी येतो आणि हजेरीच्या खिडकीपुढे हात पसरतो. आतला माणूस त्याला ओळखत नाही. बस, इतकंच. मी बाबांच्या चेहऱ्यावर होतो, म्हणून सांगतो: आत त्यांचे गाल थरथरत होते आणि माझ्या अस्तराला ओल लागत होती. काय मागायचं होतं त्यांना त्या खिडकीतून, देव जाणे. हात खाली आला, मान खाली गेली, ते वळले. काका 'कट' म्हणायला विसरले. आईने तर पदर डोळ्यांना लावला.

हाच प्रसंग लोकांनी बघावा, एवढीच बाबांची इच्छा होती. बाकी सिनेमाचं काहीही होवो.

पहिल्या खेळाला अख्खा डेपो आला. पहिल्या प्रेतालाच कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसू पसरत गेलं. "अरे, हा तर मघाशीच मेला होता!" "भुवई बघ त्याची!" आत्याबाईंचा चष्मा आला तेव्हा तर लोक खुर्च्या बडवायला लागले. हसतील त्यांचे दात दिसतील, असं आई पुटपुटली, पण बाबांचा हात तिने घट्ट धरला होता. नंतर हसूनही लोक कंटाळले. उठले, शिट्ट्या मारत निघून गेले. दारवानाने दारं सताड उघडली आणि बाहेरच्या उजेडाने पडदा पांढरा पडला. शेवटचा प्रसंग लागला तेव्हा थिएटरात आम्ही चौघंच उरलो होतो, काका, आई, बाबा आणि आईच्या पिशवीत मी.

डेपोत पुढे कितीतरी दिवस लोक बाबांना बघून हात पसरून कण्हायचे. बाबांनी मला बिस्किटांच्या डब्यात घातलं. "आ… आता पुरे," म्हणाले, आणि डबा माळ्यावर टाकला. तेव्हापासून ते आरशासमोर उभे राहिले नाहीत. बोलणंही कमी कमी होत गेलं. अडखळायला नको म्हणून मान हलवायची, आणि बाकीचं आईने बोलायचं, असंच घर चालू राहिलं. फार वाईट वाटायचं मला. चेहरा त्यांचा, पण माझ्यामुळेच त्यांना तो लपवावा लागला, असं मनाला लागून राहिलं होतं.

रबराचा जीव केवढा! वाऱ्यावर कडक होतं, उन्हात चिकट होतं, दुर्लक्ष केलं की तुकडे पडतात. पण आई अधूनमधून शिडी लावून वर यायची. मला पावडर लावायची, पोटात जुनी फडकी कोंबायची. "तुझं काही चुकलं नाही रे," म्हणायची. बाबांना ती यातलं काही सांगत नसे.

मला माळ्यावर काय कळणार, पण तिकडे बाहेर वेगळंच चाललं होतं. आमच्या सिनेमाच्या व्हिडिओ कॅसेट निघाल्या होत्या. कुणी ती चुकून भाड्याने नेली, कुणी नवा सिनेमा मिळाला नाही म्हणून नेली. मित्रांनी मित्रांना दाखवली, दादाने धाकट्या बहिणीला. अशीच ती एका पोरीच्या हाती लागली. मोठी झाल्यावर तिने एक लहानसं थिएटर चालवायला घेतलं. जाड भिंगांचा चष्मा होता तिला, म्हणून मी तिला चष्मेवाली म्हणतो. पत्ता शोधत ती आमच्या दारात आली. बाबांनी दार उघडलं.

"काका, 'मेलेल्यांची हजेरी' लावतोय आम्ही. दुपारचा खेळ. तुम्ही याल? आणि मुखवटा असेल तर…"

बाबा वळून आत निघाले. मग थांबले. "ह… हसायला बोलावताय?"

"हो," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पोट दुखेपर्यंत हसतो आम्ही. पण काका, चकचकीत सिनेमे ढिगाने बघितलेत मी. त्यातली प्रेतं बघून भीती वाटते आणि घरी येईपर्यंत विसरते. तुमच्या सिनेमात मला माणसं दिसतात. कुणाकडे काही नाही, तरी सगळी जीव तोडून मरतायत! ते बघितलं की वाटतं, आपणही काहीतरी करावं. ज्यावर हसतो, त्याच्यावरच जीव जडतो हो."

बाबा आत जाऊन बसले. आईने मात्र मला डब्यातून काढलं आणि पिशवीत ठेवलं. "मी जातेय," एवढंच म्हणाली. चला, म्हणाली नाही.

थिएटर खच्चून भरलं होतं. मला पडद्याशेजारी एका काठीवर बसवलं होतं, त्यामुळे मला सगळ्यांचे चेहरे दिसत होते. आणि काय सांगू! निम्म्या पोरापोरींनी आपली उजवी भुवई अर्धी झाकून घेतली होती. मी पडद्यावर आलो तशी आरोळी उठली, "दीडभुवया!" मी मेलो की सगळे हळहळायचे, पुन्हा उठलो की टाळ्या. प्रेत खाजवायला लागलं तेव्हा एकाला हसून हसून ठसका लागला. आत्याबाईंच्या चष्म्याला तर लोकांनी उभं राहून सलाम ठोकला. आई आधी अंग चोरून बसली होती. मग तीही हसायला लागली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तेवढ्यात मला दाराशी बाबा दिसले. डेपोचं जुनं जाकीट घातलेलं, एक हात दारावर. कधीही निघून जाता येईल असे उभे होते.

शेवटचा प्रसंग सुरू झाला. हसू आपोआप थांबलं. एकही माणूस उठला नाही. पडद्यावर बाबांनी हात पसरला, आणि पुढच्या रांगेतला तो ठसका लागलेला पोरगा नाक ओढायला लागला. दिवे लागले तरी कुणी हलेना.

चष्मेवालीला बाबा दिसले. तिने त्यांना हाताला धरून पुढे आणलं आणि माइक दिला. "हेच ते," ती म्हणाली. "काका, काहीतरी बोला."

बाबांनी ओठ मिटले, उघडले. "प…" म्हणाले, आणि अडकले. "प… प…" कपाळावरची शीर फुगली. आई अर्धी उठली, शब्द तिच्या तोंडात तयार होता. पण ती थांबली आणि खाली बसली. सगळं थिएटर श्वास रोखून होतं. कुणी खोकलं नाही, कुणी मदत केली नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही.

"परत लावा!" बाबा म्हणाले.

छप्पर उडेल अशा टाळ्या पडल्या, आणि खरंच, सिनेमा पहिल्यापासून परत लावला. या वेळी बाबा मधोमध बसले.

आता मी त्याच थिएटरात काचेच्या कपाटात असतो. पावडर वेळेवर मिळते, ऊन लागत नाही. तरी माझं काही खरं नाही, रबरच ते, एक दिवस तुकडे होणारच. त्याचं मला दुःख नाही. एकच मागणं आहे, मित्रांनो. कुणी आपल्या तुटपुंज्या सामानातून, हौसेने काही करून दाखवलं, तर त्यावर हसा, हवं तेवढं हसा. फक्त मधेच उठून जाऊ नका. शेवटपर्यंत बसा. तिथे कुणीतरी हात पसरून उभं असतं.