कुसाबाईंचं कार्ड

बिलकिस अंबडच्या त्या शेडमध्ये कामाला लागली ते साल २००५. पत्र्याची शेड, माणसं चार आणि काम एकच: द्राक्षांच्या कोल्डस्टोरेजचं तापमान सांभाळणारी मशीनं बनवायची. मशीनमध्ये लिनक्स चालायचं, आणि ते सगळं मावायचं काडेपेटीएवढ्या एका कार्डावर. संगणकातली इमेज, म्हणजे त्या सगळ्याची हुबेहूब नक्कल, कार्डावर उतरवायची, कार्ड मशीनमध्ये खोचायचं, हिरवा दिवा लागला की मशीन जिवंत. याला सगळे 'कार्ड मारणं' म्हणत. पुढे बिलकिस पुण्याला मोठ्या कंपनीत गेली. पण दिवा लागेपर्यंत श्वास रोखून बसण्यातली ती गंमत तिला पुन्हा कुठे सापडली नाही.

फेब्रुवारीतला सोमवार होता. शनिवारपर्यंत पाच मशीनं द्यायची होती. संगणकाची स्वतःची डिस्क 'ए' अक्षराची, कार्ड 'सी' अक्षराचं. बिलकिसने घाईत 'सी'ऐवजी 'ए' दाबलं आणि एंटर मारलं. कार्ड कोरंच राहिलं. इमेज उतरली ती संगणकाच्याच डिस्कवर, शेडचे मालक असलेल्या दिनेश सरांच्या दोन वर्षांच्या कामावर. त्या कामाची नक्कल म्हणून जपून ठेवलेली सीडी काढली, तर तीही वाचता येईना.

तिने सरांना सरळ सांगितलं. त्यांनी संगणक उघडून डिस्क बाहेर काढली.

"डिस्क पुण्याला पाठवू. निघालं काही तर निघालं, पण त्याला पंधरा दिवस जातील," ते म्हणाले. मग एकदम वळून विचारलं, "सध्याची इमेज असलेलं मशीन बाहेर कुठे आहे?"

"एकच. निफाडला, कुसाबाईंकडे."

"मग जा. ते कार्ड वाचून आण."

लॅपटॉप छातीशी धरून ती एसटीने निफाडला पोचली. कोल्डस्टोरेजच्या मालकीण कुसाबाई पन्नाशीच्या, पदर खोचून क्रेटवर देखरेख करत उभ्या. आत शंभर क्विंटल द्राक्षं होती.

"मशीन बंद करायचं? या दिवसांत?"

"मावशी, दहा मिनिटं. माझ्या हातून चूक झालीय. सगळं पुसलं गेलंय. आता फक्त तुमच्या कार्डावर शिल्लक आहे."

कुसाबाईंनी तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "चूक केली ती केली, वर सांगाया आली. बरं. तवर कंप्रेसर मी हातानं चालवते. दहाची अकरा नाय व्हायची पण!"

त्या थर्मामीटर घेऊन बटणापाशी उभ्या राहिल्या. बिलकिसने कार्ड काढून लॅपटॉपला जोडलं. आता उलटं काम होतं, कार्डावरून लॅपटॉपवर. इथे अक्षर चुकलं असतं तर उरलंसुरलंही गेलं असतं. ती एकेक अक्षर मोठ्याने म्हणू लागली.

"मंतर म्हणतीस का गं?"

"चुकू नये म्हणून, मावशी."

"मग म्हण. मी बी ऐकते."

दोनदा म्हणून झाल्यावर तिने एंटर दाबलं. वाचून झालं, तशी तिने तीच इमेज एका कोऱ्या कार्डावर मारली आणि ते मशीनमध्ये खोचलं. हिरवा दिवा लागला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडतीस काय, चालू झालं की!" कुसाबाई म्हणाल्या. "पण ते नवं काढ. माझं जुनंच लाव." आणि निघताना तिच्या पिशवीत द्राक्षांचे दोन घड कोंबले.

शनिवारी पाचही मशीनं गेली. सोमवारी चांदवडहून, त्यातलं एक मशीन घेतलेल्या यादवांचा फोन आला. "मॅडम, मशीन झ्याक चालतंय. पण पडद्यावर 'कुसाबाई, निफाड' येतंय. ह्या कोण?"

बिलकिसने कपाळावर हात मारला. चालत्या मशीनचं कार्ड जसंच्या तसं उतरवलेलं. मालकिणीचं नावही सोबत आलं होतं! दिनेश सर इतके हसले, की गेल्या आठवड्याचा सगळा ताण त्या हसण्यात वाहून गेला.

चार ठिकाणी जाऊन तिने नाव बदललं. चांदवडला मात्र यादवांनी हात लावू दिला नाही. "राहू द्या मॅडम. आमची माणसं आता मशीनलाच कुसाबाई म्हणत्यात. 'कुसाबाई आज दोनवर हाय,' असं सांगत्यात."

बिलकिसने ही गोष्ट निफाडला फोन करून सांगितली. कुसाबाई म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, नीट वागवा मला."